संगणकातले अनोळखी प्रोग्रॅम : आधी ओळखा, मगच उपटा

कपाशीच्या पानावर काळपट रंगाची, अंगावर पिवळे-नारिंगी ठिपके असलेली, लहानशा मगरीसारखी अळी दिसली की नवखा शेतकरी लगेच पंप पाठीवर घेतो. जाणता शेतकरी तिला हात लावत नाही. ती ढालकिड्याची अळी असते, माव्यावर जगते आणि फुकटात तुमच्या पिकाची राखण करते. उलट पानाखाली बसलेला इवलासा हिरवा तुडतुडा दिसायला गरीब, पण तोच पान करपवून टाकतो. रूपावरून निवाडा केला की मित्र मरतो आणि शत्रू राहतो.

मंडळी, आजचा विषय शेतीचा नाही, संगणकाचा आहे. पण न्याय तोच आहे.

आज ग्रामपंचायतीत, आपले सरकार सेवा केंद्रात, विकास सोसायटीत, दूध संकलन केंद्रात संगणक आहे. पुष्कळ घरांत मुलांच्या शिक्षणासाठी लॅपटॉप आला आहे. हा संगणक एके दिवशी सुस्त होतो. दाखला निघायला वेळ लागतो, कोणी काम करत नसतानाही आतला पंखा घरघरत राहतो. मग कोणीतरी टास्क मॅनेजर उघडतो. समोर शंभर-दीडशे नावांची यादी येते आणि त्यातली पाच नावेही ओळखीची नसतात. पुढे दोनच गोष्टी घडतात. एक तर माणूस घाबरून यादी बंद करतो आणि 'चालतंय तोवर चालू द्या' म्हणतो. नाही तर दिसेल त्या अनोळखी नावावर 'एंड टास्क'चा दणका मारत सुटतो. दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत.

हे आपल्या कामाचे कसे?

तुम्ही म्हणाल, संगणक ऑपरेटरने बघावे, आम्हाला काय त्याचे? पण जरा विचार करा. पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी तुमचा अंगठा याच यंत्रावर घेतला जातो. पीक विम्याच्या अर्जासाठी आधार, बँक पासबुक आणि सातबारा यांच्या प्रती याच यंत्रात जातात. ई-ग्रामस्वराज प्रणालीतून गावाच्या विकासकामांची देयके निघतात, ती सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या डिजिटल सहीने. ती सहीही याच संगणकाला लावलेल्या टोकनवरून होते.

आता त्या यंत्रात पडद्यामागे कोणी चोरटा प्रोग्रॅम चालू असेल, तर तो टाइप केलेली प्रत्येक अक्षरखूण टिपू शकतो. डिजिटल सहीच्या टोकनमधली किल्ली बाहेर काढून नेता येत नाही, हे खरे. पण टोकन दिवसभर यंत्रालाच खोचलेले आहे आणि त्याचा पिन चोराला ठाऊक झाला आहे, अशी वेळ आली तर दूर बसलेल्या माणसाला किल्ली नेण्याची गरजच काय? तिजोरी उघडीच आहे. म्हणून हा प्रश्न एकट्या ऑपरेटरचा नाही, साऱ्या गावाचा आहे.

पडद्यामागची माणसे

लग्नघरात मांडवात बसलेले पाहुणे सर्वांना दिसतात. पण आचारी, पाणके, वाढपी, लाइटवाला ही मंडळी मागे राबत असतात. त्यांच्यावाचून लग्न पार पडत नाही. संगणकातही असेच आहे. समोर तुम्हाला एक अर्ज किंवा एक पत्र दिसते. मागे दीडशे लहान-मोठे प्रोग्रॅम राबत असतात. संगणकवाले त्यांना 'प्रोसेस' म्हणतात. बहुतेक सगळे घरचेच असतात, फक्त त्यांची नावे विचित्र असतात.

काही नावे सांगून ठेवतो. 'एसव्हीसीहोस्ट' हे नाव यादीत एकदा नव्हे, पन्नास-साठ वेळा दिसले तरी घाबरू नका. विंडोजच्या अनेक सेवा या एकाच नावाच्या छत्राखाली चालतात. 'स्पूलएसव्ही' म्हणजे प्रिंटरच्या कामांची रांग सांभाळणारा. तो मारलात तर छपाई बंद. 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' हा तर विंडोजचा स्वतःचा राखणदार, डिफेंडर. तपासणी करताना तो बराच जोर खातो, म्हणून लोक त्यालाच व्हायरस समजतात. राखणदारालाच चोर ठरवण्यासारखे आहे हे. तपशिलाच्या यादीत 'सिस्टीम आयडल प्रोसेस'पुढे ९५ किंवा ९८ आकडा दिसला तर आनंद माना. तो आकडा रिकाम्या वेळेचा असतो, म्हणजे बैल दावणीला निवांत उभा आहे.

सेवा केंद्राच्या यंत्रात आणखी काही पाहुणे असतात. अंगठा घेणाऱ्या यंत्राची 'आरडी सर्व्हिस' सतत मागे चालू असते. ती बंद केली की आधारची ओळख पटणे बंद होते आणि बाहेर रांग लागते. डिजिटल सहीच्या टोकनचा प्रोग्रॅमही असाच मागे बसून असतो. नाव अनोळखी आहे एवढ्यावरून यांना हाकलू नका.

अस्वलाच्या चित्राची गोष्ट

२००२ साली जगभर एक ई-मेल फिरला. 'तुमच्या संगणकात टेडी अस्वलाचे चित्र असलेली एक फाइल आहे. तो व्हायरस आहे. तो चौदा दिवस दडून राहतो आणि अँटिव्हायरसलाही सापडत नाही. ताबडतोब काढून टाका आणि सर्व ओळखीच्यांना कळवा,' असा त्याचा मजकूर होता. लोकांनी शोधले तर खरोखरच अस्वलाचे चित्र असलेली फाइल सापडली! 'जेडीबीजीएमजीआर' असे तिचे नाव होते. नाव अगम्य, चित्र विचित्र, मग कोण थांबतो? हजारो लोकांनी ती पुसून टाकली आणि तोच निरोप पुढे धाडला.

ती फाइल मायक्रोसॉफ्टनेच विंडोजबरोबर दिलेली होती. जावा भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या कामाची, साधी, निरुपद्रवी. तिथे व्हायरस असा नव्हताच. खोट्या निरोपाने लोकांच्याच हातून त्यांच्या यंत्रातली चांगली फाइल काढवली. आज ई-मेलची जागा व्हॉट्सअॅपने घेतली आहे, एवढाच फरक. 'अमुक नावाची फाइल दिसली तर लगेच उडवा' असा निरोप आला तर तो आधी तपासा. पुढे तर पाठवूच नका.

वेश पालटून आलेला

आता उलट बाजू बघा. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जगात पसरला. सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याने कुलूपबंद केले आणि किल्लीसाठी पैसे मागितले. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्यात सापडले. हा चोर यंत्रात कोणत्या नावाने बसला होता? 'मायक्रोसॉफ्ट सिक्युरिटी सेंटर (२.०) सर्व्हिस'! त्याच्या दुसऱ्या फाइलीचे नाव 'टास्कएससीएचई', म्हणजे विंडोजच्या टास्क शेड्युलरचीच वाटावी अशी. नाव वाचून कोणीही म्हटले असते, हा तर आपलाच माणूस.

दुःखाची गोष्ट अशी की ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, दिली होती. ज्यांनी ती घेतली त्यांच्या घरात तो या भोकातून शिरला नाही.

तेव्हा अनोळखी नाव म्हणजे चोर नव्हे आणि ओळखीचे नाव म्हणजे साव नव्हे. नावावर जाऊच नका. खुणा बघा.

ओळखीच्या चार खुणा

कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. 'सीपीयू' या रकान्यावर क्लिक केले की सर्वांत जास्त जोर खाणारा प्रोग्रॅम वर येतो. संशय आला त्याच्या या चार खुणा तपासा.

पहिली खूण, राहण्याचे ठिकाण. नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या 'सिस्टीम ३२' या फोल्डरात राहतो, किंवा त्याच्या जोडीच्या 'सिसवॉव ६४' मध्ये. तो 'टेम्प', 'डाउनलोड्स' किंवा 'पब्लिक' फोल्डरात सापडला तर दाट संशय धरा. तलाठी सज्जात न बसता पुलाखाली बसून सातबारा देऊ लागला तर तुम्ही घ्याल का? 'अॅपडेटा' फोल्डरात मात्र झूमसारखे चांगले प्रोग्रॅमही राहतात, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नका.

दुसरी खूण, नावातले अक्षर. 'एसव्हीसीहोस्ट'मध्ये इंग्रजी व्ही आधी आणि सी नंतर येतो. चोर 'एससीव्हीहोस्ट' असे उलटे लिहितो आणि घाईत ते कोणाच्या लक्षात येत नाही. कधी लहान एलच्या जागी मोठा आय घालतात. दोन्ही अक्षरे पडद्यावर सारखीच उभी काठी दिसतात. बियाण्याच्या पिशवीवर नामांकित कंपनीच्या नावात एक अक्षर बदलून बोगस माल विकतात, तसाच हा प्रकार.

तिसरी खूण, सही-शिक्का. फाइलीवर राइट क्लिक, मग 'प्रॉपर्टीज', मग 'डिजिटल सिग्नेचर्स'. तिथे बनवणाऱ्या कंपनीचे नाव दिसते. सही असणे ही चांगली खूण आहे. मात्र विंडोजच्या स्वतःच्या काही फाइलींना हा रकाना दिसत नाही, त्यांची सही दुसरीकडे नोंदलेली असते. म्हणून सही दिसली नाही एवढ्यावर फाशी नको.

चौथी खूण, वागणूक. यंत्र रिकामे असताना सीपीयू ८०-९० टक्क्यांवर जात असेल आणि टास्क मॅनेजर उघडताच गपकन खाली येत असेल, तर सावध व्हा. आभासी चलन काढणारे काही चोरटे प्रोग्रॅम अगदी असेच वागतात. मालक आला की काम टाकून झोपल्याचे सोंग! यंत्र तुमचे, वीजबिल ग्रामपंचायतीचे आणि कमाई कोण्या परक्याची.

शंका उरली तर 'व्हायरसटोटल' या मोफत सेवेवर ती एकच प्रोग्रॅम-फाइल टाकून अनेक अँटिव्हायरसांचे मत एकदम घेता येते. पण तिथे गावकऱ्यांची आधारची प्रत, यादी किंवा अर्ज कधीही टाकू नका. तिथे टाकलेली फाइल इतरांच्याही हाती जाऊ शकते.

लव्हाळा वरून कापून मरत नाही

ओळख पटली, चोरच निघाला. आता काढायचा कसा? 'एंड टास्क' म्हणजे लव्हाळ्यावर विळा फिरवणे. वरचे पाते गेले तरी जमिनीत गाठ शिल्लक, चार दिवसांत पुन्हा हिरवे. चोरटा प्रोग्रॅमही यंत्र बंद-चालू केले की परत हजर होतो. कारण त्याची गाठ दुसरीकडे असते. क्रमाने जा.

१) आधी इंटरनेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा. सहीचे टोकन काढून कपाटात ठेवा.

२) पडद्याचा मोबाइलवर फोटो घ्या. प्रोग्रॅमचे नाव, जागा, तारीख आणि वेळ नोंदवहीत लिहा. पुढे तक्रार करायची झाली तर हाच पंचनामा.

३) सेटिंगमधल्या 'अॅप्स'च्या यादीत तो प्रोग्रॅम असेल तर तिथून रीतसर 'अनइन्स्टॉल' करा.

४) टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' भागात बघा. यंत्र सुरू होताच कोण कोण उठतो त्याची ही यादी. संशयिताला 'डिसेबल' करा. मग 'टास्क शेड्युलर' आणि 'सर्व्हिसेस' बघा. पुष्कळ गाठी इथेच असतात.

५) हे सगळे एकाच ठिकाणी बघायचे तर मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर 'ऑटोरन्स' नावाचे मोफत साधन आहे. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याची आणि सह्या तपासण्याची सोय आहे. त्यामुळे यादी आटोपशीर होते. इथेही नोंद एकदम पुसू नका. समोरच्या चौकोनातली फक्त खूण काढा, यंत्र पुन्हा चालू करा, सगळी कामे नीट होतात का ते बघा. चुकले असेल तर खूण परत घालता येते. पुसलेले परत आणणे अवघड.

६) शेवटी डिफेंडरची 'फुल स्कॅन' आणि नंतर 'ऑफलाइन स्कॅन' लावा. ऑफलाइन तपासणीत विंडोज उठण्याआधीच राखणदार शेतात उतरतो, त्यामुळे चोराला लपायला वेळ मिळत नाही. तिला बहुधा पाव तास लागतो. हातातले काम आधी जतन करा. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही मोफत सफाईची साधने मिळतात.

हे वाचून ज्याला हात घालायचे धाडस होत नसेल, त्याने पहिल्या दोन पायऱ्या कराव्यात आणि जाणकाराला बोलवावे. तेवढ्यानेही निम्मे नुकसान टळते.

काढला म्हणजे संपले नाही

इथेच बरेच लोक फसतात. चोर घरातून हाकलला, पण जाताना किल्ल्यांची छाप घेऊन गेला असेल तर? म्हणून सर्व पासवर्ड बदला, आणि तेही त्या यंत्रावरून नव्हे, दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून. टोकनचा पिनही स्वच्छ यंत्रावरच बदला. सहीचा गैरवापर झाल्याचा संशय असेल तर ते प्रमाणपत्र रद्द करून नवे घ्या. पंचायत समितीला लेखी कळवा. पैसे गेले असतील तर एक क्षणही न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे वेळेलाच किंमत आहे.

आणि एक स्पष्ट सांगतो. ज्या यंत्रावर गावाच्या पैशाचे व्यवहार होतात, त्यात चोरटा प्रोग्रॅम खात्रीने सापडला असेल, तर कामाच्या फाइलींची प्रत काढून ती तपासून घ्यावी आणि विंडोज नव्याने टाकावी हेच शहाणपणाचे. एक दिवस काम बंद राहील, राहू द्या. घरच्या लॅपटॉपला जे चालते ते सार्वजनिक तिजोरीला चालत नाही.

बी येते कुठून?

तण आपोआप उगवत नाही, बी कुठून तरी येते. संगणकातले बी येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. पहिली वाट पेन ड्राइव्हची. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेन ड्राइव्ह लावला आणि आतले फोल्डर अचानक 'शॉर्टकट' झालेले दिसले, तर त्यावर डबल क्लिक करू नका. त्या क्लिकनेच मागे बसलेला प्रोग्रॅम सुरू होतो. आधी पेन ड्राइव्हची तपासणी लावा.

दुसरी वाट फुकटेपणाची. चोरटी विंडोज आणि तिला 'अॅक्टिव्हेट' करणारी साधने. ही साधने आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. ज्याला घरात शिरण्याआधी कुत्रा बांधून हवा असतो, तो कोण असेल? २०२१ साली अशाच एका प्रसिद्ध साधनाच्या नावाखाली पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम वाटला जात असल्याचे सुरक्षा-अभ्यासकांनी उघड केले होते.

तिसरी वाट दूरनियंत्रणाची. दुरुस्ती करणारा शहरात बसून एनीडेस्कसारख्या प्रोग्रॅमने तुमचे यंत्र हाताळतो. प्रोग्रॅम वाईट नाही, सोयीचा आहे. पण काम झाल्यावर तो तसाच चालू राहिला तर मागचे दार सताड उघडे. याच प्रोग्रॅमच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. काम झाले की तो काढून टाका.

चौथी वाट जुन्या विंडोजची. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. वाढीव मुदतीच्या योजनेत जे यंत्र नोंदलेले नाही, त्याचे कुंपण आता कोणी दुरुस्त करत नाही. तुमच्या कार्यालयातले यंत्र कोणत्या विंडोजवर आहे, हे आजच विचारा.

एक वही ठेवा

शेवटी एक बिनखर्चाचा उपाय. संगणक ठणठणीत असेल त्या दिवशी टास्क मॅनेजर उघडा आणि सगळ्या यादीचे फोटो घेऊन ठेवा. 'स्टार्टअप'मध्ये कोण कोण आहे ते वहीत लिहा. अंगठ्याचे यंत्र, टोकन, प्रिंटर यांचे प्रोग्रॅम कोणते, तेही लिहा. ज्याला आपली गुरे ओळखू येतात, त्यालाच कळपात घुसलेले परके जनावर दिसते. दर महिन्याला दहा मिनिटे काढून नवी यादी जुनीशी ताडून पाहा. नवीन नाव आले, तर कोणी, कशासाठी टाकले, याचे उत्तर मिळालेच पाहिजे.

सरपंच आणि सदस्य मंडळींनी मासिक सभेत हा विषय एकदा घ्यावाच. यंत्राची तपासणी कधी झाली, विंडोज कोणती आहे, टोकन कोणाच्या ताब्यात असते, कामाच्या फाइलींची प्रत कुठे ठेवली आहे, हे चार प्रश्न विचारायला संगणकाचे ज्ञान लागत नाही. आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी अंगठा लावायला जाल तेव्हा तुम्हीही विचारा, 'बाळा, या यंत्राची तपासणी शेवटची कधी झाली?' तो विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. अंगठा तुमचा आहे.